‘वयच झालं होतं’ हे उत्तर नव्हे

पत्र

ताई, नमस्कार. माझी आई ७८ वर्षांची, वजन जेमतेम ४५ किलो. शुगर आणि बीपीच्या गोळ्या बऱ्याच वर्षांपासून चालू आहेत. गेल्या मार्गशीर्षात गुडघे फारच धरले म्हणून तालुक्याच्या गावी हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. जुनी फाइल मी पिशवीतून काढली, तर ते म्हणाले, ‘ते राहू द्या, एक्स-रे दाखवा.’ अ‍ॅसिक्लोफेनॅकची गोळी सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस, असं लिहून दिलं. आठव्या दिवशी पायांना सूज आली, जेवण कमी झालं, म्हणून दवाखान्यात फोन केला. डॉक्टर स्वतःच बोलले : ‘गोळ्या चालू ठेवा, झोपताना पायाखाली उशी घ्या.’ गुडघ्यांना आराम वाटत होता, म्हणून दहा दिवस संपल्यावर मीच मेडिकलमधून त्याच गोळ्या आणखी आणल्या. पुढच्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या आणि एके पहाटे आई घामाने डबडबलेली, कुणाला ओळखेना. शुगर ३४ निघाली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन ५.१. दोनदा डायलिसिस, अकरा दिवस दवाखाना, दोन लाखांवर बिल. आता घरी आहे, पण धरल्याशिवाय उठता येत नाही.

हाडांचे डॉक्टर म्हणतात, साइड इफेक्ट कुणालाही होऊ शकतो. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, वय झालं की किडन्या दमतातच. धाकटा भाऊ म्हणतो पोलिसांत जाऊ, नाहीतर मी दवाखान्यात जाऊन बघून घेतो. मला रात्र रात्र झोप नाही. चूक डॉक्टरांची की माझी? केस करावी का?

— एक लेक, सातारा जिल्हा

उत्तर

पत्रासोबत आईच्या चिठ्ठ्यांचे आणि रिपोर्टचे फोटो पाठवलेत, फार बरं केलं. कागद नसले की अशा प्रश्नाला हवेत उत्तर द्यावं लागतं. मी वकील नाही, मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवत आले. त्यामुळे औषधांचं खोलात जाऊन सांगते आणि कायद्याचं जे पक्कं ठरलेलं आहे तेवढंच सांगते. पुढे जायचं ठरलंच, तर वैद्यकीय प्रकरणं चालवलेला वकील गाठा.

आधी आईच्या शरीरात काय घडलं असावं ते बघू. तिची बीपीची गोळी दोन औषधांची आहे : टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. किडनीला रक्त गाळायचं तर ते ठरावीक दाबाने यावं लागतं. अंगातलं पाणी कमी झालं, वय वाढलं, की हा दाब टिकवण्यासाठी किडनी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करते आणि आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवते. अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या दुखणं थांबवतात ते हीच द्रव्यं अडवून. म्हणजे येणारी वाट आखडली. टेल्मिसार्टनने गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी आधीच सैल केलेली असते, आणि हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाने पाणी कमी केलेलं असतं. तिन्ही औषधं एकत्र आली की गाळणीतला दाबच पडतो. याला डॉक्टर ‘ट्रिपल व्हॅमी’ म्हणतात. हे कुठलं दुर्मीळ ज्ञान नव्हे, एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. पायांना सूज, जेवणावरची वासना जाणं, मळमळ ही त्याची नेहमीची लक्षणं.

शुगरच्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. ग्लिमेपिराइडचं यकृतात रूपांतर होतं आणि तयार झालेला, अजूनही शुगर उतरवू शकणारा भाग किडनीवाटे बाहेर जातो. किडनी मंदावली की तो अंगात साठतो. त्यात उलट्या, पोटात अन्न नाही, आणि गोळी मात्र रोजच्याइतकीच. पहाटे शुगर ३४ वर गेली ती अशी. या जातीच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेतली वृद्धोपचार तज्ज्ञांची संस्था फार पूर्वीपासून सावध करत आली आहे. वृद्धांमध्ये शक्यतो टाळाव्यात अशा औषधांची ‘बीअर्स’ यादी १९९१ सालची आहे, आणि तिच्या २०२३ च्या आवृत्तीत ग्लिमेपिराइडचा उल्लेख नाव घेऊन आहे.

आता तुम्ही पाठवलेला तीन महिने आधीचा रिपोर्ट. क्रिएटिनिन १.२. त्यावर लॅबने लाल खूण केलेली नाही, म्हणून सगळ्यांनी ‘नॉर्मल’ मानलं. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते, म्हणून स्नायू कमी असले की किडनी मंद असूनही आकडा बरा दिसतो. पंचेचाळीस किलोच्या म्हाताऱ्या बाईच्या अंगात स्नायू असतात किती? किडनी किती गाळते याचा अंदाज काढायचं एक सूत्र आहे : १४० मधून वय वजा करा, उरले ६२. त्याला वजनाने, ४५ ने, गुणा. आलेल्या २७९० ला ७२ गुणिले १.२ ने, म्हणजे ८६.४ ने, भागा. बाईमाणूस म्हणून ०.८५ ने गुणा. उत्तर येतं साधारण २७, म्हणजे मिनिटाला एवढे मिलिलिटर. तरुण, धडधाकट माणसाचा हाच आकडा शंभराच्या आसपास असतो. दुसऱ्या सूत्रांनी आईचा आकडा याहून वर येईल, पण चांगली किडनी असं तिला कुठलंच सूत्र म्हणणार नाही. तो कागद त्या दिवशी तुमच्या पिशवीत होता.

म्हणून ‘वय झालं की किडन्या दमतातच’ हे मला अजिबात मान्य नाही. वयाने किडनी कमी काम करते हे खरं, पण ते गोळी लिहिण्याच्या आधी डोक्यात असायला हवं, नंतर कारण म्हणून सांगायला नव्हे. आई डिसेंबरात चालत दवाखान्यात गेली आणि महिन्याभरात तिला डायलिसिस लागलं. याला म्हातारपण म्हणत नाहीत.

तरी साइड इफेक्ट झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं कायदा मानत नाही, आणि ते बरोबरही आहे. नीट विचारपूस करून, योग्य मात्रेत दिलेल्या औषधानेही एखाद्याला भयंकर त्रास होऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरला दोषी धरलं तर कुणी औषध लिहूनच देणार नाही. कायदा विचारतो ते असं : सर्वसाधारण कुवतीच्या, जबाबदार डॉक्टरने अशा वेळी जेवढी काळजी घेतली असती, तेवढी इथे घेतली गेली का? आणि ती न घेतल्यामुळेच हे नुकसान झालं का? दोन्हींचं उत्तर तुमच्या बाजूने यावं लागतं.

मला कागदांवरून जे दिसतं ते असं. शुगर-बीपी असलेल्या ७८ वर्षांच्या बाईला या जातीची गोळी लिहिताना ‘आणखी काय चालू आहे’ एवढं विचारायला अर्धा मिनिट लागतो. फाइल समोर धरलेली असताना ती बाजूला सारली. चिठ्ठीवर चालू औषधांचा उल्लेख नाही, किडनीची तपासणी सांगितलेली नाही, काय झालं तर गोळी थांबवायची तेही लिहिलेलं नाही. तरी एवढ्यावर समोरचा वकील वाद घालू शकेल, कारण ही गोळी अशा वयात दिलीच जात नाही असं नाही. फोनचं मात्र तसं नाही. आठव्या दिवशी, म्हणजे त्यांनीच लिहून दिलेल्या मुदतीच्या आत, तुम्ही सूज आणि कमी झालेलं जेवण सांगितलंत. त्या क्षणी गोळी बंद करून क्रिएटिनिन तपासायला सांगितलं असतं तर किडनी बहुधा सावरली असती, कारण या प्रकारचा बिघाड औषध लवकर थांबवलं की बऱ्याचदा उलटतो. तुमच्या प्रकरणाचा कणा तो फोन आहे. मोबाइलमधल्या त्या कॉलचा, तारीख-वेळ दिसेल असा, स्क्रीनशॉट आजच काढा. फोन बदलला किंवा यादी पुसली गेली की तो तुमच्या शब्दाविरुद्ध त्यांचा शब्द होईल.

तुमची बाजू कुठे लंगडी पडते तेही स्पष्ट सांगते, नाहीतर ते तुम्हाला ग्राहक आयोगापुढे पहिल्यांदा ऐकावं लागेल. दहा दिवसांनी दाखवायला न जाता गोळ्या पुढे चालू राहिल्या. समोरून पहिला मुद्दा हाच येणार, आणि भरपाई ठरवताना तो तुमच्या विरोधात मोजला जाऊ शकतो. म्हणून तो लपवू नका, तक्रारीत स्वतःहून लिहा : डॉक्टरांनी फोनवर ‘चालू ठेवा’ म्हटलं, आराम वाटत होता, म्हणून आणल्या. आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक हे शेड्यूल एच मधलं औषध आहे. नव्या चिठ्ठीशिवाय ते मेडिकलवाल्याने द्यायलाच नको होतं. बिल असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे त्याची वेगळी तक्रार होते.

चूक तुमची का, असं विचारलंत. तुम्ही फाइल घेऊन गेलात, ती पुढे केलीत, सूज दिसली त्याच दिवशी फोन केलात. घरच्या माणसाने आणखी काय करायचं असतं? गोळ्या पुढे चालू ठेवणं चुकलं, पण ज्या धोक्याची कल्पना तुम्हाला कुणी दिलीच नव्हती, तो तुम्ही ओळखायला हवा होता असं मी कधीच म्हणणार नाही. स्ट्रिपवरची लाल रेघ ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ असं सांगते, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असतं? जागून काढलेल्या या रात्री आईच्या काही कामाच्या नाहीत. कृपा करून झोपा.

भावाला आवरा. दवाखान्यात जाऊन ‘बघून घेणं’ हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. मग तक्रारदार ते होतील आणि आरोपी तुम्ही. पोलीस तक्रारीतूनही हाती काही लागेल असं मला वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात ठरवून दिलंय की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी हलगर्जीपणा साधा असून चालत नाही, तो घोर असावा लागतो, आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, मत घ्यायला हवं. अनुराधा साहा यांचं प्रकरण भावाला सांगा. १९९८ साली कोलकात्यात अंगावर पुरळ आलं म्हणून त्यांना दीर्घकाळ परिणाम टिकणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिवसातून दोनदा दिलं गेलं. कातडी सोलवटून जाण्याचा भीषण आजार बळावत गेला आणि त्यांचा मृत्यू झाला. २००९ साली त्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना फौजदारी गुन्ह्यातून मोकळं ठेवलं, पण निष्काळजीपणा मान्य केला, आणि २०१३ साली जवळपास ६ कोटींची भरपाई व्याजासह मंजूर केली. पती स्वतः डॉक्टर, तरी पंधरा वर्षं लढावं लागलं. भरपाईचा आकडा बघून हुरळू नका. तो त्या प्रकरणापुरता आहे. वर्षं मात्र लक्षात ठेवा.

तुमची वाट ग्राहक आयोगाची आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ पासून ठरलेलं आहे. तक्रार तुमच्याच जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. ती नेमक्या कुठल्या दिवसापासून धरायची यावरच वाद होतात, म्हणून सावधपणे पहिल्या चिठ्ठीच्या तारखेपासूनच मोजा. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकाल अशी अपेक्षा लिहिलेली आहे, प्रत्यक्षात वर्षं जातात. तज्ज्ञाचं मत लागेलच असं नाही. व्ही. किशन राव खटल्यात, मलेरियाच्या रुग्णाला टायफॉइडचे उपचार दिल्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली म्हटलं की प्रत्येक वेळी तज्ज्ञाची गरज नाही, चूक उघड दिसत असेल तिथे नाही. पण तुमच्या प्रकरणात तीन औषधांचा एकमेकांवरचा परिणाम समजावून सांगावा लागेल, म्हणून मूत्रपिंड तज्ज्ञाचं किंवा वृद्धांवर उपचार करणाऱ्या फिजिशियनचं लेखी मत मिळवाच.

त्यासाठी आधी कागद. जिल्ह्याच्या रुग्णालयाकडून पूर्ण केस पेपर मागा : दाखल होतानाची नोंद, रोजच्या नोंदी, नर्सचे तक्ते, सगळे रिपोर्ट. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मागणी केल्यापासून ७२ तासांत प्रती देणं हे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितलंय की रुग्णालय हे नाकारू शकत नाही. मिळाल्यावर डिस्चार्ज कार्डवर निदान कसं लिहिलंय ते पहिल्यांदा बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते पान अर्धं कापलं गेलंय. किडनी अचानक बिघडण्याचं कारण म्हणून तिथे दुखण्याच्या गोळीचा उल्लेख असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच तुमच्या बाजूने लिहून दिल्यासारखं आहे. नसेल तर त्यांना नम्रपणे विचारा की कारण काय वाटतं आणि ते लिहून द्याल का. बरेच डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लिहायला कचरतात. पण ‘कुणाच्या विरुद्ध नको, फक्त कारण लिहा’ म्हटलं तर लिहितात.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेही तक्रार करता येते. कौन्सिल पैसे देववू शकत नाही, ताकीद देऊ शकतं, नोंदणी काही काळ रोखू शकतं. पुन्हा दुसऱ्या कुणाच्या आईबाबत असं होऊ नये, एवढंच मनात असेल तर ती वाटही खोटी नाही.

नोटीस पाठवण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना एकदा भेटा, असं मी सुचवेन. भावाला नेऊ नका, घरातलं शांत डोक्याचं कुणी बरोबर घ्या. सगळे रिपोर्ट समोर ठेवा आणि विचारा : आईच्या चालू गोळ्या तुम्हाला माहीत होत्या का, माहीत असत्या तर हीच गोळी दिली असती का, आणि फोनवर सूज सांगितली तेव्हा काय वाटलं होतं. घरी आल्यावर काय बोलणं झालं ते तारीख टाकून लिहून ठेवा. काही डॉक्टर अशा वेळी सरळ चूक मान्य करतात, आणि कुटुंबाला खटल्यापेक्षा तेच हवं असतं, हे मी पाहिलेलं आहे. ते तुसडेपणाने वागले, तरी तुमचा निर्णय सोपा होईल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही : आईला काय वाटतं? रुग्ण ती आहे, ग्राहक ती आहे, तक्रार तिच्याच नावाने होईल, तुम्ही तिच्या वतीने. तिला सगळं नीट सांगून विचारा. तिला कोर्टकचेरी नको असेल तर तिचा शब्द भावाच्या रागापेक्षा मोठा. तिला हवी असेल तर ती बोलू शकते तोवर तिला आठवतं ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या आणि सही घ्या.

खटला करा वा न करा, औषधाची प्रतिकूल प्रतिक्रिया म्हणून याची नोंद मात्र करा. भारतात २०१० पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये. १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे, रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. यात कुणावर आरोप नसतो, म्हणून जिल्ह्याच्या डॉक्टरांनाही तो भरायला सांगता येईल.

आणि आता सगळ्यात निकडीचं. आईच्या आजच्या गोळ्यांची जी यादी पाठवलीत, तिच्यात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन पूर्वीच्याच मात्रेत परत चालू झालेलं दिसतंय, आणि शेवटचं क्रिएटिनिन १.९ आहे. इतके दिवस सगळा राग हाडांच्या डॉक्टरांवर होता, म्हणून शुगरच्या गोळ्यांकडे कुणी बघितलेलं नाही. वाट न बघता उद्याच फिजिशियनला ही यादी आणि हा रिपोर्ट दाखवा. मनाने काही बंद करू नका, बीपीची गोळी तर नाहीच, पण एवढं स्पष्ट विचारा : या किडनीला मेटफॉर्मिन चालेल का, ग्लिमेपिराइडऐवजी शुगर एकदम न उतरवणारं औषध देता येईल का, आणि आईच्या वयाला तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीएवनसी) आठच्या आसपास राहिली तर पुरे नाही का. उलट्या-जुलाब झाले किंवा जेवण सुटलं तर त्या दिवशी कुठली गोळी थांबवायची, तेही त्यांच्याकडून लिहून घ्या. तोवर ती जेवली नाही तर शुगरची गोळी देण्याआधी त्यांना फोन करा, आणि घाम, थरथर, बरळणं असं काही दिसलं की शुद्धीत असेल तर लगेच साखरेचं पाणी पाजा, शुगर मोजायला थांबू नका. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. गुडघ्यांसाठी लागलीच तर पॅरासिटामॉल, डॉक्टरांना विचारून, आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा : ‘दुखण्याच्या इतर गोळ्या व इंजेक्शन देऊ नये, किडनीचा त्रास.’ फिजिशियनने काय सांगितलं ते मला कळवा. डिस्चार्ज कार्डचं पूर्ण पानही पाठवा.